मोरीची सुईण

सुरैय्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. त्या सुमाराला कंबर आखडायला लागे आणि तीच जाग आणी. उठल्यावर पहिलं काम हातांचं. बोटांच्या भेगांत खोबरेल तेल जिरवायचं, मुठी उघडझाप करत बसायचं, बोटं वळायला लागली की मग चहा. नवऱ्यासाठी, याकूबसाठी, भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायची, गमबूट घालायचे आणि बंदराची वाट धरायची. फजरची नमाज ती बर्फाच्या शेडमागे एका कोरड्या फळीवर पढे. तोवर पहिला ट्रॉलर धक्क्याला लागलेला असे.

तिचं काम मासळी निवडण्याचं. बघणाऱ्याला ते बसून करायचं काम वाटतं. ट्रॉलरचा माल ताडपत्रीवर ओतला की बांगडे, पेडवे, कोळंबी, शेंगटी, पाकट, चिखल आणि प्लास्टिक एकाच ढिगात येतं. बाई बुटक्या फळीवर बसते, गुडघे छातीला लागतात, आणि लिलाव पुकारण्याआधी त्या ढिगाच्या वेगवेगळ्या पाट्या व्हाव्या लागतात. घाई केली तर शेंगटीचा काटा बोटात मोडतो. सावकाशी केली तर माल नरमतो आणि मालक दुसरी बाई बघतो. डाव्या हाताने पसरायचं, उजव्याने उचलायचं, मान वर करायची नाही. लग्न होऊन मालवणात आली तेव्हापासून सुरैय्या हे करत होती. तिच्या पाटीत भलती मासळी निघाली असं कधी कोणी म्हटलं नाही. कौतुकही केलं नाही. त्या कामात कौतुकाची पद्धत नाही.

तेजस्वी तिला भेटली ती अशाच एका ढिगापाशी. वैभववाडीच्या एसटी कंडक्टरची मुलगी, घाटाच्या पायथ्याशी वाढलेली, आणि शिकली समुद्राचं. एका संस्थेने तिला तीन हंगामांचं काम दिलं होतं. तिला मोरीचा अभ्यास करायचा होता.

मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. मालवणात ती घरोघर शिजते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम देतात. पण बांगड्याला किंवा सुरमईला जो मान, तो तिला बाजारात नाही. ट्रॉलरवाल्यांच्या लेखी ती ढिगातली अडगळ होती. कातडी कानसेसारखी, उलटा हात फिरला तर साल निघते.

पहिले काही दिवस तेजस्वी स्वतःच ढिगात हात घालायची. हात सोलून निघाले, तरी दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधून हजर. सुरैय्याने ते पाहिलं. मग एका सकाळी न बोलता तिला मोरी धरायची कशी ते दाखवलं. कल्ल्यांच्या मागे अंगठा, बोटं पोटाखाली, आणि हात नेहमी डोक्याकडून शेपटीकडे. त्या दिवसापासून तेजस्वी तिच्या शेजारी बसायला लागली आणि महिना संपला तेव्हा तिने विचारलं, संस्थेकडून पगार देते, माझ्यासाठी मोरी वेगळ्या काढशील का. ट्रॉलरच्या मालातून आणि लहान होड्यांच्या मालातूनही. विशेषतः पोटात पिल्लं असलेल्या.

कशासाठी ते तेजस्वीने नीट सांगितलं. बांगडा लाखांनी अंडी टाकतो. शंभर धरले तरी समुद्रात बियाणं उरतं. मोरीचं तसं नाही. ती पिल्लं पोटात वाढवते, नाळेने पोसते, महिनोन् महिने, आणि घालते ती मोजकीच. आई गेली की पुढचं सगळंच गेलं. पिल्लं घालायला ती किनाऱ्याजवळच्या उथळ रेतीत येते, कारण मोठे मासे तिथे शिरत नाहीत. अशी एक जागा इथे असावी असा तेजस्वीचा अंदाज होता. ती जागा पुराव्याने दाखवता आली, तर थंडी सरल्यापासून पावसापर्यंत तिथे ट्रॉलरला बंदी मागता आली असती.

सुरैय्याने विचारलं, जागा कुठली.

"कावळ्याच्या खडपामागची रेती," तेजस्वी म्हणाली.

सुरैय्याचा हात ढिगातच थांबला. तसा तो कधी थांबत नसे.

त्या रेतीवर तिच्या घराची चूल पेटत होती. याकूब आयुष्यभर तिथेच जाळं टाकत आला. त्याची नजर गेली, आता तो अंगणात बसून बोटांनी चाचपून जाळी सांधायचा. होडी धाकटा तौकीर चालवायचा. बाकीच्या समुद्रात ट्रॉलर खरवडून नेत होते. खडपामागे, म्हणजे पाण्यातल्या त्या खडकांच्या रांगेमागे, मात्र ते येत नसत, कारण तिथल्या दगडांवर त्यांची जाळी फाटत आणि मिळणाऱ्या मालात त्या जाळ्याची किंमत निघत नसे. लहान होड्यांना उरलेली ती शेवटची जागा. तरी दर वर्षी ट्रॉलर कडेकडेने जवळ सरकत होते.

थोरला शाहनवाज मस्कतला गेला होता तो गेलाच. सुरुवातीला आठवड्याला फोन, मग ईदेला, मग त्याने तिकडेच संसार थाटला. सुनेचा चेहरा सुरैय्याने फक्त मोबाइलवर पाहिला होता. आता तो तौकीरलाही बोलवत होता. तौकीर म्हणायचा, रेतीत मासळी आहे तोवर मी कुठे जात नाही. म्हणजे सगळं त्या रेतीवर येऊन थांबलं होतं. रेती राहिली तर मुलगा राहणार, नाहीतर नाही. सुरैय्याने काम घेतलं ते यासाठी. पगार तिने वेगळा ठेवला, त्याला हात लावला नाही.

पहिली अडचण शब्दाची आली. तेजस्वी म्हणायची, गरोदर मोरी. सुरैय्याने तसंच एका खलाशाला सांगितलं तर अख्ख्या धक्क्यावर हशा पिकला. शेजारच्या फळीवर बसणारी यशोदा, गाबीत मच्छीमारांतली, तिची तीस वर्षांची सोबतीण, तिने तर पाटीच खाली ठेवली.

"काय गो सुरैय्या, आता मोरयेची बाळंतपणां करूक लागलंस? सुईण झालंस?"

"होय तर. तुझा राहिला आसात तर सांग, तुझापण करतंय."

यशोदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मोरीची सुईण हे नाव तिथून पडलं आणि चिकटलं. पण बंदरावर मासा गरोदर नसतो, मासा गाबोळीचा असतो. गाबोळी म्हणजे पोटातली अंडी. म्हणून सुरैय्याने दुसऱ्या दिवसापासून तोच शब्द वापरला. गाबोळीची मोरी आली तर मला सांगा. हे सगळ्यांना पटकन कळलं. तेजस्वीनेही मग तोच शब्द उचलला. काम सुरळीत चाललं.

कामाची रीत अशी बसली. ढीग ओतला की सुरैय्या आधी मोरी उपसून काढी आणि ताडपत्रीच्या कडेला, लिलावाच्या मालापासून हातभर दूर, ओल्या गोणपाटावर ठेवी. पोट दाबून बघे. आत पिल्लं असली तर हाताला कळतं. भरल्या पिशवीसारखं नाही, आत वेगवेगळे कणे लागतात. तेजस्वी लाकडी मापावर लांबी घेई, फोटो काढी, आणि मोरी मालकाला परत जाई. काही थोड्या ती विकत घेई आणि फाडून बघे. आतली पिल्लं बोटाएवढी, डोळे उघडलेले, पोटाशी नाळ.

नुकत्या जन्मलेल्या पिल्लांची खूण म्हणजे त्यांची बेंबी. पुढच्या परांच्या, पोहायच्या पंखांच्या, मधे एक बारीक चीर असते, जन्मानंतर काही आठवडे ती मिटत नाही. चीर उघडी म्हणजे पिल्लू इथेच जवळपास जन्मलं. तौकीरच्या जाळ्यातून अशी पिल्लं आली तेव्हा तेजस्वी धक्क्यावर बसकण मारून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या अंदाजाला पहिला आधार सापडला होता.

त्या हंगामात तौकीरने आणखी एक गोष्ट केली. जाळ्यात पोटात पिल्लं असलेली मोरी जिवंत आली की तो ती होडीवर न घेता पाण्यातच सोडवायचा. हे काम कष्टाचं. मोरी अंगाला पीळ देते, जाळ्याचे धागे कल्ल्यांत जातात, ओढलं तर कल्ले फाटतात. एका हाताने होडी सांभाळत, दुसऱ्याने धागा-धागा मोकळा करायचा आणि हात सोलवून घ्यायचा, आणि शेवटी हाती काही नाही. बाकीचे होडीवाले त्याला वेडा म्हणाले. तरी तो सोडत राहिला.

पावसाआधी तेजस्वी सुरैय्याला एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, घेऊन गेली. तिथे मासेमारीच्या सरकारी समितीपुढे नकाशा मांडायचा होता. सुरैय्याने धुतलेली साडी नेसली, बुरखा घातला, हातांना अत्तर लावलं. तरी बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली. समितीतली माणसं नीट बोलली. त्यांनी सुरैय्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माल कसा निवडता ते विचारलं. तिने ठेवणीतल्या मराठीत सांगितलं. निघताना अध्यक्ष म्हणाले, काम चांगलं आहे, एका हंगामाच्या पुराव्यावर बंदी घालता येत नाही, पुढच्या दोन हंगामांतही असंच दिसलं तर विचार करू.

येताना दोघींनी स्टँडवर भजी खाल्ली. सुरैय्याने चार भजी कागदात बांधून तौकीरसाठी घेतली. त्या दिवसाइतकी ती नंतर कधी बोलली नाही, असं तेजस्वी पुढे सांगायची.

दुसऱ्या हंगामात थंडी ओसरली आणि एका सकाळी ट्रॉलरचा ढीग ताडपत्रीवर ओतला गेला, तो सगळा मोरीचा होता.

सुरैय्याने आधी नीट पाहिलंच नाही. हात सवयीने गेले. पहिली मोरी, पोट भरलेलं. दुसरी, भरलेलं. पसरत गेली, उचलत गेली. गोणपाट भरलं, दुसरं अंथरलं. काहींनी धक्क्यावरच पिल्लं टाकली होती. ती सिमेंटवर वळवळत होती आणि बर्फाच्या पाण्यात वाहत गटाराकडे जात होती. यशोदा पाटी सोडून उठली आणि उभीच राहिली. तिलासुद्धा थट्टा सुचली नाही.

तेवढ्यात निलेश आला. तो लिलाव पुकारायचा आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी माल उचलायचा. माणूस वाईट नव्हता. याकूबच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला त्याने गाडी दिली होती. तो खुशीत होता.

"बघ चाची, तुझ्यासाठीच हाडलंय. सगळी गाबोळीची. खडपामागसून. जाळां फाटला, पण म्हटलंय फाटू दे. आता तुझ्या मॅडमची पार्टी काय रेट देता तां सांग."

"खंयची पार्टी?"

"आता लपवतंस कित्या? वरसभर तू गाबोळीची मोरी बाजूक काढतंस. फुकट कोण काढता?"

"मापूक काढतंय."

"आणि मापून?"

"मापून परत देतंय. तुका ठावक नाय?"

निलेश हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं.

बंदरावरची रीत सगळ्यांच्या अंगात मुरलेली असते. ताडपत्रीच्या कडेला काढून ठेवलेला मासा लिलावात धरत नाहीत. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे आणि ते जास्त देणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि गाबोळीचा मासा तर केव्हाही महाग. वर्षभर रोज सकाळी सगळ्या धक्क्याने पाहिलं होतं की सुरैय्या गाबोळीची मोरी बाजूला काढते, आणि शहरातून शिकून आलेली मॅडम त्यातल्या काही विकत घेते. मापते म्हणून कोणी विश्वास ठेवला नाही. मापायला कोण पगार देतं? कोणी म्हणालं औषधाला जाते. कोणी म्हणालं गोव्याच्या पार्टीला. निलेशने दोन बाहेरच्या व्यापाऱ्यांना फोनवर सांगून ठेवलं, त्यांनी होय म्हटलं, आणि मोरीला कधी नव्हता तो भाव बोलला गेला. भाव आला की फाटलेल्या जाळ्याची किंमत निघते. खडपामागे न जाण्याचं जे एकच कारण होतं, ते राहिलं नाही.

सुरैय्यालाही ही रीत ठाऊक होती. तीस वर्षं ती तिच्याच हातून पाळली गेली होती. पण आपण विकत नाही, म्हणजे आपली मोरी त्या रीतीत बसत नाही, असं तिने धरलं होतं.

तिने त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस धक्क्यावर फिरून सांगितलं. प्रत्येक ट्रॉलरच्या तांडेलाला, प्रत्येक मालकाला. पार्टी नाही. औषध नाही. फक्त मापायचं होतं. तेजस्वीने बर्फाच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून समजावलं. माणसं मान डोलवायची आणि बाहेर येऊन एकमेकांना डोळा घालायची. इतकं कळवळून सांगतात म्हणजे भाव नक्कीच मोठा असणार, एकट्यालाच पाहिजे असेल. सुरैय्याने मोरी बाजूला काढणं बंद केलं. तर म्हणाले, आता चोरून घेतात.

तौकीर रोज होडी घेऊन जायचा आणि खडपाच्या अलीकडे इंजिन बंद करून बसायचा. ट्रॉलर रेतीवरून आडवे-उभे फिरत. एकदा त्याने आपली होडी त्यांच्या वाटेत घातली. वरच्या खलाशाने शिवी दिली नाही, नुसता हात हलवून बाजूला हो म्हणाला, जसं रस्त्यातल्या गुराला म्हणतात. ते तौकीरला शिवीपेक्षा लागलं. घरी येऊन त्याने बापाला सांगितलं. याकूबने सुई थांबवून विचारलं, पाणी कुठल्या रंगाचं होतं. गढूळ, तौकीर म्हणाला. म्हणजे तळ उपसला, याकूब म्हणाला, आणि परत सांधायला लागला.

तक्रारी केल्या. तेजस्वीने लिहिल्या, होडीवाल्यांनी सह्या केल्या. गस्तीची बोट दोनदा आली. ती येईपर्यंत ट्रॉलर खोल पाण्यात गेलेले असत.

भावाचं पुढे काय झालं, ते यशोदाने सुरैय्याला सांगितलं. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी पहिला माल नेला आणि पुढे कोणी विचारेना. पार्टी कुठे नव्हतीच. निलेशने बर्फात दाबून ठेवलेली मोरी काळी पडायला लागली. शेवटी ती फिशमीलच्या, कोंबडीखाद्याच्या कारखान्याच्या, गाडीत गेली, कचरा मासळीच्या मोलाने. गाडी भरायला बाया लागल्या. सुरैय्याला बोलावणं आलं तेव्हा ती गेली. काम होतं, आणि नाही म्हटलं असतं तरी गाडी भरलीच असती. फावडं तिने घेतलं नाही. मोरी हातानेच उचलून टाकली, डोक्याकडून शेपटीकडे, एकेक. मुकादम ओरडला की चाची, हे काय दागिने आहेत? तिने ऐकलं नाही. गाडी भरायला उशीर झाला आणि तिची अर्धी मजुरी कापली.

निलेश त्या दिवशी शेडच्या दारात बसून होता. त्याचंही नुकसान झालं होतं. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "चाची, आधी सांगूचा होता नीट."

तिसऱ्या हंगामात थंडी सरली तशी सुरैय्या पुन्हा मोरीची वाट बघायला लागली. ट्रॉलर आता खडपामागे जात नव्हते, तिथे काही उरलं नव्हतं. तेजस्वी रोज तौकीरच्या होडीतून जायची. जाळं टाकायचे, थांबायचे, ओढायचे. जाळ्यात जेलीफिश यायची, ओझ्याने हात तुटायचे, आणि सगळं झटकून परत पाण्यात. मोरी नाही. पेडवेसुद्धा नाहीत. एप्रिलमध्ये एक पिल्लू आलं, मेलेलं. तेजस्वीने ते उलटं करून बेंबी बघितली. चीर उघडी होती. एका पिल्लाने काही सिद्ध होत नाही, एवढं तोपर्यंत सुरैय्यालाही कळायला लागलं होतं.

ओरोसला दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा समिती तीच होती, खुर्ची दिली, पाणी दिलं. तेजस्वीने तिन्ही हंगाम मांडले. पहिल्यात पिल्लं, दुसऱ्यात आयांची कत्तल, तिसऱ्यात रिकामं. ती म्हणाली, हाच तर पुरावा आहे, आता जागा राखली नाही तर परत काही येणार नाही. राखली तरी वर्षं लागतील, मोरी सावकाश वाढते.

अध्यक्षांनी नकाशा फिरवून बघितला. "पण मॅडम, जिथे आज मोरीच नाही, ती जागा कुणासाठी राखायची? ट्रॉलरवाले उद्या मला हेच विचारतील. मी काय सांगू?"

तेजस्वीकडे उत्तर होतं, ती ते दोनदा देऊन झाली होती. तिने तिसऱ्यांदा दिलं. ठरलं असं की पुन्हा मोरी दिसायला लागली की नव्याने प्रस्ताव द्यावा.

बाहेर स्टँडवर मालवणची गाडी लागायला वेळ होता. तेजस्वीच्या कामाची मुदत संपत होती. संस्थेने पुढचं काम दुसऱ्या राज्यात दिलं होतं. ती बाकावर बसली होती, नकाशाची गुंडाळी मांडीवर. ती म्हणाली, "चाची, माझाच चुकला. गाबोळी हो शब्द मी उचलूक नको होतो."

"शब्द माझो," सुरैय्या म्हणाली. "तू गरोदर म्हणालंस. गाबोळी मी केलंय."

"तसा नाय."

"तसाच. सगळे हसले म्हणान केलंय. हसूक दिला असता तर बरां झाला असता."

मग गाडी लागली. दोघींना वेगवेगळ्या जागा मिळाल्या.

घरी पोचली तेव्हा तौकीरने होडी ओढून माडांत नेली होती आणि तिच्यावर झावळ्या टाकल्या होत्या. एरवी हे पावसाळ्याच्या तोंडावर करायचं काम, अजून महिनाभर समुद्र मोकळा होता. जेवणं झाली. याकूबच्या हातात सांधायला जाळं नव्हतं, म्हणून तो नुसतीच सुतळी वळत बसला होता.

"शाहनवाजभाय परत बोलवता," तौकीर म्हणाला. "थंय एक शीतगृह आसा. मासळीचा. बसून काम, म्हणता."

"बसून काम नसता खंयचा," सुरैय्या म्हणाली.

"जाव?"

"माका कित्या इचारतंस?"

"मगे कोणाक इचारू? अब्बाक इचारलंय. ते म्हणाले तुझ्या आईक इचार."

तिने भांडी गोळा केली, अंगणात नेली, राखेने घासली. घासून झाल्यावर पुन्हा घासली. तौकीर दारात उभा होता. तो तिच्याकडून एकच गोष्ट ऐकायला थांबला होता, थांब म्हण. ती म्हणाली असती तर तो थांबला असता, हे तिला माहीत होतं. थांबून काय केलं असतं हेही माहीत होतं. ट्रॉलरवर खलाशी झाला असता. ज्या जाळ्याने रेती खरवडली तेच ओढलं असतं, आणि तो माल पहाटे तिच्याच पुढ्यात ओतला गेला असता.

"जा," ती म्हणाली. "पण काम चोख कर. कोणाचा ऐकून घेवची पाळी आणू नको."

तेजस्वी जाण्याआधी भेटायला आली. तिने सुरैय्याला कातडी हातमोजे दिले, चांगले, दुसऱ्या देशातले. सुरैय्याने ते घालून बघितले. बोटांना मासा कळत नव्हता. तिने ते धुऊन वाळवून कपाटात ठेवले. यशोदा आता तिला सुईण म्हणत नाही. धक्क्यावर मोरी येतच नाही, तर नव्या पोरींना ते नाव कळतही नाही. गेल्या महिन्यात कोणाच्या तरी बाळंतीण सुनेसाठी मोरी हवी होती, ती कर्नाटकातून आलेल्या बर्फाच्या पेटीतली मिळाली.

सुरैय्या अजून चारलाच उठते. ट्रॉलरचा ढीग पूर्वीपेक्षा लवकर निवडून होतो, कारण त्यात आता जेलीफिश आणि बारीक कचरा मासळीच जास्त. उठता उठता सूर्य वर येतो. बायका चहाला जातात. ती तशीच बसून राहते, कंबर सरळ होईपर्यंत.

तीन हंगामांचा पगार तिने बँकेत तसाच ठेवला होता. त्यातून तौकीरचा पासपोर्ट निघाला, डॉक्टरी तपासणी झाली, आणि मस्कतचं तिकीट आलं. परतीचं काढलं नाही.